दहाच्या सुमारास थकणारी मोटर

गंगूबाईनं जन्मात कधी मोटरीला हात लावला नाही. स्टार्टरचा दांडा कुठल्या बाजूला ओढतात तेही तिला ठाऊक नव्हतं. आणि तरी साठ सालच्या हंगामात आमच्या जिनातली पन्नास हॉर्सपॉवरची मोटर रोज सकाळी तीच बंद पाडायची. मी तिथला पगारी वायरमन. हातात टेस्टिंगचा दिवा घेऊन मी त्या मोटरीभोवती येड्यासारखा फिरायचो. हसा, खुशाल हसा. तेव्हा सगळेच हसत होते, फक्त मला ते माहीत नव्हतं.

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर जीन म्हणजे काय ते आधीच सांगतो, नाहीतर मधेच तोंड घालाल. शेतातून गाडीभर कापूस येतो, त्यातली सरकी काढून रुई मोकळी करायची, तो कारखाना म्हणजे जीन. सरकी काढणाऱ्या यंत्राला आम्ही रेचा म्हणतो. आमचं जीन अमरावतीहून वलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. रेच्यांच्या दोन रांगा, प्रत्येक रेच्यापाशी एक बाई, तिच्या बगलेला कापसाचा ढीग. बाईनं दिवसभर मुठीमुठीनं कापूस रेच्याच्या तोंडी देत राहायचं. सगळे रेचे पट्ट्यांनी एकाच लांब लोखंडी दांड्याला जोडलेले. तो दांडा फिरवायला आधी ऑइल इंजिन होतं, मग मोटर आली. झालं, एवढंच.

गंगूबाई वलगावची. हाडापेरानं मोठी, आणि आवाज तर विचारू नका. रेच्यांच्या खडखडाटातून ती दुसऱ्या टोकाच्या बाईकडे चुना मागायची आणि हातोहात चुना यायचा. नवरा कधीच वारला होता. मुलगा बाजारात हमाली करायचा, आणि सून शालू हिच्या शेजारच्या रेच्यावर बसायची. आमचा मुकादम नत्थुजी बाकीच्या बायांवर ओरडत ओरडत यायचा आणि गंगूबाईच्या रेच्यापाशी आला की त्याला एकदम खोकला यायचा. पाच वर्षांपूर्वी त्यानं तिला "ए बुढे" म्हटलं होतं. तेव्हा तिनं काय उत्तर दिलं ते मी सांगणार नाही. घरात लेकीसुना वाचतात.

इंजिनाच्या काळात एक बरं होतं. ते इंजिन होतं म्हातारं. दहाच्या आसपास ते धापा टाकायला लागायचं, मग ते थांबवून तेलपाणी करावं लागायचं. तेवढ्यात लेकुरवाळ्या बाया गोदामामागच्या निंबाकडे धावायच्या. तिथं फांद्यांना त्यांच्या झोळ्या टांगलेल्या असत. पोरं पिऊन घ्यायची, बाया पदर सावरून परत यायच्या. कुणी तशी परवानगी दिलेली नव्हती. इंजिन थकायचं म्हणून ते चालायचं. पाळणाघराचा प्रश्नच नव्हता. पन्नासच्या वर बाया असल्या तर पाळणाघर ठेवा असा सरकारी नियम, म्हणून आमचे मॅनेजर बापूसाहेब हजेरीवर पन्नासच्या वर बाई चढूच देत नसत. नियमाचे मोठे पक्के होते ते.

मग दसऱ्याला नवी मोटर आली. अहो, काय मोटर होती! हिरवा रंग, चालली की नुसता घुंईऽऽ आवाज. मी तिच्यावर पोरीसारखा जीव लावला. रोज ब्रश घेऊन तिच्या जाळीवरची रुई झाडायचो, कारण जाळी बुजली की मोटरीला वारा मिळत नाही आणि ती आतून तापते. पूजेला सगळ्या बाया जमल्या होत्या. गंगूबाई छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आली होती, घरातले देव तिनं तेव्हाच काढले होते. तिनं मोटरीला हात जोडले नाहीत. पण नारळ फुटल्याबरोबर खोबऱ्यासाठी पहिला हात तिचाच पुढे आला. "देवाचं नाई खात मी. हे मोटरीचं हाय," ती म्हणाली.

तेवढ्या बाया समोर पाहून मला चेव चढला. मी स्टार्टरची पेटी उघडून दाखवली. म्हटलं, "हे पाहा. ह्या पेटीत पट्टी हाय. मोटरीवर ओझं जास्त झालं का हे पट्टी तापते, तापली का वाकते, अन वाकली का मोटर आपोआप बंद. म्हंजे मोटर जळत नाही. हे तिचं चिलखत हाय, समजलं?"

बाकीच्या बाया खोबरं चावत होत्या. गंगूबाईनं चावणं थांबवलं.

"म्हंजे थकली का बसून जाते म्हना," ती म्हणाली.

"तसंच समजा."

"मंग तिले कोनी बोलत नाई? तिची हजेरी नाई कापत?"

"मोटरीची कशाची हजेरी?"

"आन उठते कवा?"

"पट्टी थंडी झाली का. तुमचं पान लावून, खाऊन होते तेवढ्यात."

"चांगली हाय बापा तुही मोटर. समजदार हाय," असं म्हणून तिनं राहिलेलं खोबरं तोंडात टाकलं.

दिवाळीनंतर जीन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी बापूसाहेबांनी फर्मान काढलं: आता इंजिन नाही, तेलपाणी नाही, दुपारच्या सुट्टीशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. मोटर थकत नाही! बोलले ते माझ्याकडे अभिमानानं बघून, आणि मीही छाती फुगवली. दहा वाजले. निंबाखालून पहिलं पोर रडलं, मग दुसरं. शालूचं पोर दोन-तीन महिन्यांचं होतं, त्याचा आवाज सगळ्यांत बारीक. पान्हा फुटून शालूच्या चोळीला ओल आली, आणि ती खाली मान घालून रेच्यात कापूस घालत राहिली.

चार-सहा दिवसांनी निंबाखाली शांत झालं. मला आपलं वाटलं, पोरं रुळली. काय रुळतात! अफू तेव्हा सरकारनं बंद केली होती, म्हणजे चोरून मिळायची. रेच्यावरच्याच पार्बताबाईपाशी एका चिंधीत ती असायची. सकाळी येताना पोराला मुगाच्या दाण्याएवढी चाटवली की पोर दुपारपर्यंत हूं की चूं करत नसे. नाइलाज होता हो, मी नाव ठेवत नाही. पण एका सकाळी पार्बताबाईनं शालूसमोर चिंधी सोडली, आणि गंगूबाईनं ती चिंधी तिच्या हातून हिसकून सांडपाण्याच्या नालीत फेकली. दोघींची अशी जुंपली की नत्थुजी लांबूनच खोकला.

आणि त्यानंतर दोन दिवसांत माझी मोटर आजारी पडली.

दहाच्या सुमारास घुंईचा आवाज एकदम जड झाला, खट् वाजलं आणि सगळं जीन थांबलं. मी धावलो. पट्टी वाकलेली. थांबलो, थंड झाल्यावर मोटर लावली, फिरली मजेत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी व्होल्टेज पाहिलं, बेअरिंगला कान लावला, पट्टे सैल केले, पट्टे आवळले. वीज कंपनीला शिव्या दिल्या. कापूस ओला म्हणून गाडीवाल्यांशी भांडलो. रोग काही सापडेना. संध्याकाळपर्यंत मोटर ठणठणीत, आणि सकाळी दहाच्या आसपास बरोबर हिला घेरी येते! मला तर रात्री स्वप्नात खट् ऐकू यायचं. बायको म्हणाली, "त्या मोटरीले कोनाची नजर लागली." मी शहाणा माणूस, पण खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी स्टार्टरच्या पेटीला लिंबू-मिरची बांधली. खट्!

शेवटी मी मोटरीपाशी उभं राहणंच सोडलं आणि रेच्यांच्या ओट्यावर कापसाच्या गाठोड्याआड जाऊन बसलो. मार्गशीर्षातली थंडी, बायांनी फडकी गुंडाळलेली. निंबाखालून शालूचं पोर रडलं. दुसरं रडलं. तशी गंगूबाई मान वर करून बोंबलली, "माय वं, काय ऊन तापून राह्यलं वं!"

ऊन! माझे दात वाजत होते.

आणि पाहतो तर काय, दोन्ही रांगांतल्या एकूण एक बायांनी मुठीमुठीनं द्यायचं सोडून कापसाचे कवळेच्या कवळे उचलले आणि एकदम रेच्यांच्या तोंडात कोंबले. रेचे गुदमरले, पट्टे करकरले, मोटर कण्हली, खट्. बाया पदर झटकून उठल्या आणि शांतपणे निंबाकडे चालू लागल्या. त्यांत पार्बताबाईही होती, ती तर सर्वांत पुढे.

माझं डोकं फिरलं. मी गाठोड्यामागून उडीच मारली. "गंगूबाई! माह्या मोटरीशी खेळून राह्यल्या तुमी? पंधरा दिवस झाले मी इथं मरून राह्यलो!"

तिला दचकणं माहीतच नव्हतं. "तुही मोटर जयली का?"

"नाही, पण..."

"धूर निंघाला?"

"नाही."

"मंग काहून बोंबलून राह्यला? थकली का बसते, असं तूच सांगतलं होतं ना? आमी तिले थकवतो. बाई बसली तं बाई घरी जाते. मोटर बसली तं कोनी काही बोलत नाई. तुह्या बापाचं काय जाते?"

"अन बापूसाहेबाले समजलं तर? पोराले एखाद्या दिवशी थोडं रडू दिलं तर काय बिघडते?"

हे मी बोललो आणि तिचा तो रेच्यांवर चढणारा आवाज एकदम खाली आला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मैना म्हनून पोरगी व्हती माही. शालूच्या नवऱ्याच्या आंधीची. तवा दुसऱ्या जिनात होती मी, तथी इंजिन बी थांबत नोयतं. सकायी अफू चाटवली अन रेच्यावर बसली. सांजेले झोयीतून उचलली तं उठलीच नाई." नाकावरून पदर फिरवून ती पुढे म्हणाली, "ह्या जिनात आता कोन्या पोराले मी अफू चाटू देत नाई. तुह्या मोटरीचं काय व्हायचं ते होवो."

खरं सांगतो, त्या घटकेला मोटर गेली खड्ड्यात असं मला वाटलं, आणि मी तर तिच्यावर ब्रश फिरवणारा माणूस. मी परत गेलो, पेटीवरची लिंबू-मिरची काढली आणि पट्टी थंड व्हायची वाट पाहत बिडी पेटवली. दोन झुरके मारले, मग आठवलं की जिनात बिडी ओढत नाहीत, आणि घाबरून विझवली.

त्यानंतर काय मजा आली म्हणता! मी बापूसाहेबांना रोज एक नवा रोग सांगायचो. आज व्होल्टेज पडलं. आज पट्टा ताणला. आज धुकं मोटरीच्या छातीत गेलं. ते गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे. पण फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली तसा त्यांचा धीर सुटला. एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं.

"शेषराव, ती तुमची पट्टी काढून टाका. तारा थेट जोडा. पट्टीच नसेल तर मोटर थांबेल कशी?"

"थांबणार नाही साहेब, जळेल! चिलखत आहे ते तिचं. आत तार पेटली आणि ठिणगी बाहेर आली, तर सगळीकडे रुई आहे..."

"उद्या दुपारनंतर मोटर थेट चालली पाहिजे. तुम्हाला जमत नसेल तर दुसरा वायरमन पाहतो."

मोटर जळली तर जीन बंद, ऐन हंगामात सगळ्या बाया घरी, आणि ठपका माझ्यावर. तारा जोडल्या नाहीत तर मी आत्ताच घरी. मी तसाच जाऊन गंगूबाईला गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "आता हे बंद करा. उद्यापासून कवळे कोंबले तर मोटर बसणार नाही, पेटन."

"अन बंद केलं तं पार्बताबाई पुन्ना चिंधी घेऊन येते," ती म्हणाली. तिनं तंबाखू मळून दाढेखाली धरली. "जाय तू. मी पायतो काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती सरळ बापूसाहेबांच्या खोलीत शिरली. मी तिथंच उभा होतो, तारांचं वेटोळं खांद्यावर घेऊन. नत्थुजीही होता.

"सायेब, मोटरीले काई झालं नाई," गंगूबाई म्हणाली. "तिची पट्टी नोका काढू. मीच बसवतो तिले रोज. पोरं रडते म्हनून. मले घरी पाठवायचं तं पाठवा, पन ह्या बायायले पोरं पाजाले थोडा टाइम द्या."

मेलो, मनात म्हटलं. संपलं सगळं.

बापूसाहेबांनी चष्मा काढला, तिच्याकडे पाहिलं, आणि ते हसायला लागले. अहो, हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू? तू मोटर बंद पाडतेस? नत्थुजी, ऐकलंत? पन्नास हॉर्सपॉवर! पन्नास घोडे लावले तरी हलायची नाही, आणि ही म्हणते मी बसवते!"

नत्थुजीही हसला. भीत भीत, पण हसला.

"खरं सांगून राह्यली मी," गंगूबाईचा आवाज चढला. "इच्यारा ह्या शेषरावले!"

बापूसाहेब माझ्याकडे वळले. "काय हो शेषराव? एक बाई तुमची मोटर बंद पाडू शकते का?"

आता तुम्हीच सांगा, मी काय उत्तर द्यायचं? मी सरळ खरं तेच सांगितलं.

"एक बाई? छ्या! शक्यच नाही साहेब."

गंगूबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की आठवलं तरी अजून अंगावर काटा येतो. पण मी तोंड उघडलंच होतं, ते तसंच पुढे रेटलं. "मोटर मोठी नाजूक आहे साहेब. इंजिनालाही सकाळी थांबवतच होतो ना आपण? ही दहाच्या सुमारास तापते. ती थांबायच्या आधी आपणच थांबवली, थोडा वेळ थंड होऊ दिली, तर पट्टी काढायला नको, मोटर जळायला नको. वर्षानुवर्षं टिकेल."

"टिकेल?" बापूसाहेब गंभीर झाले. मोटर कितीला पडली होती ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार. "हे आधी का नाही सांगितलंत? यंत्राच्या जिवाशी खेळ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः रेच्यांच्या ओट्यावर चढले, हात मागे बांधून. "बायांनो, आजपासून सकाळी मोटर थोडा वेळ बंद राहील. तुम्हाला कळायचं नाही, पण यंत्रालाही जीव असतो. सतत राबवलं की ते थकतं. त्याला विसावा हा द्यावाच लागतो. तेवढ्या वेळात इकडे तिकडे फिरू नका. निंबाखाली वगैरे शांत बसा."

एकूण एक बाई पदर तोंडात कोंबून उभी होती. पार्बताबाईचे तर खांदे हलत होते. मी स्टार्टरचा दांडा ओढला, मोटर थांबली, आणि जरा वेळानं मीही निंबाकडे गेलो. सगळ्या झोळ्या रिकाम्या, सगळी पोरं मांडीवर. आणि गंगूबाई बुंध्याला टेकून रागानं लाल झालेली.

"आता काहून रागावल्या?" मी म्हटलं. "जिंकल्या ना तुमी!"

"काय जितली रे? काय जितली?" ती माझ्यावरच खेकसली. "खरं सांगतलं तं हासला मेला. मोटर थकते, हे त्याले पटलं. बाईनं थकवली, हे नाई पटलं. आन बाई थकते, पोरगं भुकं राह्यते, हे तं त्याच्या कानातच जात नाई. पोराले दूध पाजाचं तं आंधी मोटर बिमार पाडा लागते, असं राज हाय हे!"

बापूसाहेब लांब दारात उभे राहून घड्याळ पाहत होते. ते पाहून शालूनं घाईघाईनं पोराला छातीपासून सोडवायला घेतलं, तसं ते किंचाळलं. गंगूबाईनं तिचा हात धरला आणि तिला परत खाली बसवलं.

"पाज वं शालू," ती म्हणाली, "पोटभर पाज. घाई नोको करू. मोटर आजून थकलेली हाय."